फळ मार्केटचा सर्व्हर: कर्नल बदलला आणि पट्टी अडकायला लागली

२२ मार्च २०२५, शनिवार, रात्र

तुर्भे, फळ मार्केट, शेठचा गाळा. सर्व्हरवरची सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स सिस्टिम काढून अल्मालिनक्स ९ बसवायचं काम आज एकदाचं झालं. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, तेव्हापासून मी शेठच्या मागे होतो. आधी "दिवाळी होऊ दे", मग "संक्रांत होऊ दे". आता पाडवा आठ दिवसांवर आला, देवगडच्या गाड्या वाढायला लागल्या, तेव्हा म्हणाले, "करून टाका, पण सोमवारी पहाटे पट्टी निघालीच पाहिजे." (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा शेतकऱ्याला दिला जाणारा छापील हिशोब.)

कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ३.१० वरून एकदम ५.१४. डेटाबेस पोस्टग्रेस १३ होतं तेच ठेवलं, मुद्दाम. एका रात्रीत दोन गोष्टी बदलल्या की बिघाड झाल्यावर कान कुणाचा धरायचा ते कळत नाही. सिस्टिम एका छोट्या नव्या एसएसडीवर टाकली. डेटाच्या दोन हार्ड डिस्का (१ टीबी, ७२०० आरपीएम, मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा) होत्या तशाच जोडल्या.

रीबूटनंतर इमर्जन्सी मोड. डेटाचं पार्टिशन (एक्सएफएस फाइल सिस्टिमचं) माउंट होईना, म्हणजे जोडलं जाईना. एफएसटॅब म्हणजे कुठली डिस्क कशी जोडायची ती यादी; जुन्या यादीतली ओळ जशीच्या तशी उचलली होती, त्यातला एक पर्याय नव्या कर्नलला ओळखू येईना. काढला, माउंट झालं. रात्रीचा १:१०.

मग मजकुराच्या सगळ्या इंडेक्सचं रीइंडेक्स, म्हणजे शोधायच्या याद्या नव्याने बांधणं. हे विसरून चालत नाही. ग्लिबसी या सिस्टिमच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ मध्ये अक्षरं लावायचा क्रम बदलला. सेंटओएस ७ वर २.१७ होती, आता २.३४ आहे. डेटा तोच ठेवून खालची लायब्ररी बदलली तर इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला राहतो आणि शोध नव्या क्रमाने होतो. मग शेतकऱ्याचं नाव यादीत असूनही सापडत नाही. चाळीस मिनिटं गेली. पहाटे रिक्षाने ठाण्याला घरी.

२४ मार्च, सोमवार

पट्ट्या निघाल्या. शेठचा फोन नाही, म्हणजे सगळं ठीक.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी ६:२० ला फोन. "अहो, हे काय करून ठेवलंय? एंटर मारला की चहा पिऊन येतो माणूस." पाडव्यानंतर आवक वाढली आहे, सहाही काउंटर एकाच वेळी चालू असतात. पट्टी सेव्ह व्हायला तीन-चार सेकंद लागताहेत. आधी अर्धा सेकंदही लागत नव्हता.

चार सेकंद ऐकायला काही वाटत नाहीत. पण पहाटे पाच ते नऊ हा या धंद्याचा अख्खा दिवस. गाडीवाला उभा, हमाल उभे, गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर निघालेलं. एका काउंटरवर दोनशे पट्ट्या धरल्या तर नुसतं एंटरच्या मागे थांबण्यात बारा-तेरा मिनिटं जातात. आणि रांगेत ती एकदम जात नाहीत, थेंबथेंब जातात. माणूस चिडतो तो त्या थेंबांनी.

२ एप्रिल, बुधवार

पहिली लोकल धरून ठाण्याहून तुर्भे. गर्दीच्या वेळी मशीनवर बसलो. सीपीयू निवांत, मेमरी भरपूर मोकळी. डीडी या कमांडने १ जीबीची फाइल लिहून पाहिली: सेकंदाच्या आत संपली. डायरीत लिहिलं, "डिस्क उत्तम. नेटवर्क बघणे." स्विच बदलला, केबल बदलल्या. दिवस गेला.

(४ तारखेला वर जोडलेलं: ही नोंद मुद्दाम खोडत नाही. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला एक जीबी लिहीत नसते, हे शाळकरी पोरालाही कळेल. डीडीने फाइल लिहिली ती रॅममध्ये. डिस्कवर उतरायची ती नंतर कर्नलच्या सवडीने उतरली. मी मोजला तो रॅमचा वेग, आणि त्यावरून डिस्कला प्रशस्तिपत्र देऊन टाकलं.)

४ एप्रिल, शुक्रवार

आज नीट मोजलं. पोस्टग्रेसबरोबर पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचं छोटं साधन येतं. ते डिस्कवर लहान तुकडा लिहितं, "खरंच उतरलं का?" असं विचारतं आणि हो आल्यावर पुढचा लिहितं. पहिल्यांदा ते मी होम फोल्डरमधून चालवलं, म्हणजे सिस्टिमच्या एसएसडीवर. आकडे झकास आले आणि दहा मिनिटं उगाच आनंदात गेली. मग डेटाच्या पार्टिशनवर चालवलं: सेकंदाला ३७.

सदतीस! एका लिखाणाला २७ मिलीसेकंद.

आता आमचा प्रोग्रॅम काय करतो ते बघा. बारा लॉटची पट्टी असेल तर लॉटच्या ओळी, प्रत्येकाची हमाली, वाराई, भाडं, शेतकऱ्याच्या खात्याची नोंद, स्टॉक, असं मिळून साठेक ओळी डेटाबेसात जातात. आणि प्रत्येक ओळ वेगळी कमिट होते, म्हणजे डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबते. ६० गुणिले २७ म्हणजे १.६ सेकंद. सहा काउंटर एकदम चालू असले की दुसऱ्याचं लिखाण संपेपर्यंतही थांबावं लागतं. म्हणजे तीन-साडेतीन सेकंद. शेठच्या चहाचा हिशोब बरोबर जुळला.

प्रत्येक ओळ वेगळी कमिट का? कारण सुरुवातीला आम्ही तसं लिहिलं आणि ते चालत होतं.

पण मग आधी ते इतकं वेगाने का चालत होतं? डिस्का त्याच, केबल त्याच, पोस्टग्रेस तेच. बदलला तो कर्नल. म्हणजे दोषी कर्नल, असं आज तरी दिसतंय.

५ एप्रिल, शनिवार

रबाळ्याचं ऑफिस. संशयितांची यादी केली आणि एकेकाला बोलावलं.

शेड्युलर, म्हणजे डिस्कच्या विनंत्यांचा क्रम लावणारा. जुन्या मशीनवर ग्रबच्या (बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळीत एलिव्हेटर डेडलाइन असं घातलेलं होतं, ते मी नव्यातही नेलं. बूटच्या संदेशांत कर्नलने स्पष्ट लिहिलंय की या पर्यायाचा आता काहीही उपयोग नाही. लिनक्स ५.० मध्ये ब्लॉक लेयरचा जुना एक-रांगी रस्ताच काढून टाकला. सीएफक्यू, जुना डेडलाइन, नूप सगळे त्याबरोबर गेले. आता एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू, कायबर किंवा काहीच नाही. रात्री मार्केट बंद असताना तिन्ही बदलून पाहिले, शिवाय चौथा पर्याय म्हणून काहीच न लावता. ३७, ३६, ३७, ३७.

राइटबॅक थ्रॉटलिंग. ४.१० पासून आलेली सोय: मागच्या दाराने जाणारं लिखाण फार झालं तर कर्नल त्याला आवर घालतो. फिरत्या डिस्कसाठी ७५ मिलीसेकंदांचं लक्ष्य असतं. शून्य करून बंद केलं. ३७.

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "मिटिगेशन्स बंद कर, स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरच्या त्रुटींच्या पॅचमुळे सगळं मंद होतं." सिस्टिम कॉल महाग होतात हे खरं, पण ते मायक्रोसेकंदांत. इथे सीपीयू झोपलाय आणि प्रोसेस २७ मिलीसेकंद डिस्कच्या दारात बसली आहे. हा प्रयोग केला नाही, करणारही नाही.

७ एप्रिल, सोमवार

२०१७ साली या सर्व्हरबरोबर दोन जादा डिस्का घेतल्या होत्या, त्याच मॉडेलच्या. कपाटात पडून होत्या. ऑफिसातल्या जुन्या मशीनला लावून दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी टाकल्या. सेंटओएस ७ चे डाउनलोडचे नेहमीचे सर्व्हर बंद झालेत, पत्ते व्हॉल्टकडे (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याकडे) वळवल्याशिवाय यम हा इन्स्टॉलर एक पाऊल हलत नाही. अर्धा दिवस त्यात गेला.

संध्याकाळी आकडे:
सेंटओएस ७, कर्नल ३.१०: सेकंदाला २,९००.
अल्मालिनक्स ९, कर्नल ५.१४: सेकंदाला ३८.

तेच मशीन, त्याच डिस्का. शेठना फोन करून सांगितलं की दोष कर्नलचा आहे हे सिद्ध झालं. ते म्हणाले, "म्हणजे काय?" मी म्हणालो, "जुन्यावर परत जाता येईल." "मग जा की." मी म्हणालो, दोन दिवस द्या.

८ एप्रिल, मंगळवार

रात्रभर तो २,९०० चा आकडा डोक्यातून जाईना.

डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते. सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलीसेकंद. लहानसं लिखाण ठरलेल्या जागी थाळीवर खरंच उमटायचं असेल तर ती जागा हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे एकामागून एक अशी लिखाणं सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या वर जाऊच शकत नाहीत. मिरर असला तर दोन्ही डिस्का "झालं" म्हणेपर्यंत थांबायचं, त्यात मिररचा स्वतःचा बिटमॅप (कुठला भाग जुळवायचा राहिला त्याची नोंद) लिहायचा, मग ३७ हा आकडा वाईट असला तरी समजण्यासारखा आहे.

२,९०० समजण्यासारखा नाही.

इतके दिवस मी मंद मशीनकडे बघत होतो. संशय घ्यायला हवा होता तो वेगवान मशीनचा.

९ एप्रिल, बुधवार

एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला काय विचारतो ते दाखवणारं साधन) लावून पोस्टग्रेसचा एफडेटासिंक, म्हणजे "उतरलं का?" विचारणारा, कॉल दोन्हीकडे पाहिला. नव्यावर २६-२७ मिलीसेकंद, जुन्यावर ०.३. म्हणजे जुन्या सिस्टिमवर कर्नल "उतरलं" असं सांगत होता ते डिस्क अर्धा अंश फिरण्याआधी नव्हे, पण फेऱ्याच्या पंचविसाव्या भागातच.

आयओस्टॅटमध्ये, म्हणजे डिस्कचे आकडे दाखवणाऱ्या साधनात, मात्र मला काही दिसेना. लिखाणाचा थांबायचा वेळ नव्यावरही अर्धा मिलीसेकंद. मग २७ जातात कुठे?

ते सापडलं ऑफिसातल्या नव्या मुलीला. रुजू होऊन चारच महिने झालेत. तिच्याकडे मोठा मॉनिटर आहे, माझ्या लॅपटॉपवर आयओस्टॅटची ओळ मोडून खाली येते आणि मी सवयीने पहिले काही रकानेच बघतो. "सर, हा शेवटून चौथा रकाना काय आहे? एफ भागिले एस. आणि त्याच्या शेजारी सव्वीस दिसतंय."

फ्लश. डिस्कला दिलेला "तुझी कॅश थाळीवर रिकामी कर" हा हुकूम. कर्नल ५.५ पासून तो वेगळा मोजला जातो आणि नवं आयओस्टॅट तो वेगळ्या रकान्यात दाखवतं. जुन्या मशीनवर हा रकानाच नव्हता, म्हणून माझ्या डोळ्यांना त्याची सवय नाही. तिच्या डोळ्यांना कसलीच सवय नाही, हे किती बरं.

सेकंदाला ३७ फ्लश, प्रत्येकी २६ मिलीसेकंद. पूर्ण हिशोब लागला.

१० एप्रिल, गुरुवार

आता जुन्यावर फ्लश जातो का? आयओस्टॅट सांगणार नाही, म्हणून बीएलकेट्रेस लावला. तो प्रत्येक विनंतीपुढे अक्षरं छापतो: डब्ल्यू म्हणजे लिखाण, एस म्हणजे सिंक, एफ म्हणजे फ्लश. नव्या कर्नलवर एफच एफ. जुन्यावर पाच मिनिटांच्या नोंदीत एकही एफ नाही.

"सर, जुना कर्नल फ्लश पाठवतच नव्हता का?"

"अगं, पाठवतो. एक्सएफएस तर अगदी शिस्तीत पाठवतो. मुद्दाम सांगितल्याशिवाय..."

वाक्य तिथेच तुटलं. जुन्याची एफएसटॅब उघडली. मी चाचणीसाठी शेठच्या मशीनवरची ओळच उचलून आणली होती, हे पुन्हा एकदा. त्या ओळीत नोएटाइम, स्वल्पविराम, नोबॅरियर.

नोबॅरियर म्हणजे: डिस्कची कॅश रिकामी झाली का हे विचारू नकोस, डिस्कने घेतलं म्हणजे झालं. एक्सएफएसमध्ये हा पर्याय ४.१९ ला काढून टाकला. ५.१४ वर तो दिसला की माउंट सरळ नकार देतं. २२ मार्चच्या रात्री १:१० ला मी जो "एक पर्याय" काढला, तो हा. नाव लिहून ठेवायचेही कष्ट घेतले नव्हते.

११ एप्रिल, शुक्रवार

उलटसुलट पडताळणी. याशिवाय काही सिद्ध झालं असं म्हणायचं नाही, ७ तारखेला एकदा तोंडावर पडलोय.

जुना कर्नल, नोबॅरियर काढून: सेकंदाला ३८. म्हणजे जुना कर्नलही तितकाच "मंद".

नवा कर्नल, फ्लश बंद करून: एक्सएफएसचा पर्याय तर गेला, पण सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगांच्या फोल्डरात) प्रत्येक डिस्कच्या नावाखाली राइट-कॅश नावाची फाइल असते. तिथे राइट बॅकऐवजी राइट थ्रू लिहिलं की कर्नलची समजूत होते की या डिस्कला फसवी कॅश नाहीच, आणि तो फ्लश पाठवायचं थांबवतो. डिस्क असते तशीच, बदलते ती फक्त कर्नलची समजूत. दोन्ही डिस्कांना लिहिलं: सेकंदाला ३,१००. नवा कर्नल जुन्यापेक्षा किंचित वेगवानच निघाला.

चारही घरं भरली. कर्नलचा काही दोष नाही. शेठना फोन करायला हवा. उद्या करतो.

१२ एप्रिल, शनिवार

नोबॅरियर लावलं कुणी? घरी माळ्यावर जुन्या वह्या आहेत. २०१७ ची काढली. ऑगस्टमधलं एक पान:

"फळ मार्केट. नवा सर्व्हर मंद. एक्सएफएसला नोबॅरियर लावलं. पट्टी अर्ध्या सेकंदात. शेठ खूश. यूपीएस आहे, चिंता नाही."

अक्षर माझं. शंकाच नको, मोडका र माझाच.

१३ एप्रिल, रविवार

सुट्टी होती, पण ऑफिसात गेलो. यूपीएस आहे म्हणून चिंता नाही, हे किती खरं होतं ते बघायचं होतं.

चाचणीचं मशीन, सेंटओएस ७, नोबॅरियर, हुबेहूब २०१७ सारखं. दुसऱ्या लॅपटॉपवरून एकेक ओळ टाकणारी स्क्रिप्ट. सर्व्हरने "कमिट झालं" म्हटलं की लॅपटॉप तो क्रमांक आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवणार. मग भिंतीतला प्लग ओढायचा. रीसेटचं बटण दाबून हा प्रयोग होत नाही, त्यात डिस्कची वीज जात नाही आणि तिची कॅश सुखरूप उतरते. प्लगच ओढायला हवा.

पहिल्या खेपेला लॅपटॉपच्या फाइलमध्ये शेवटचा क्रमांक ८,४१२. मशीन चालू केलं, डेटाबेसात शेवटचा ७,९६०. साडेचारशे ओळी, ज्या "झाल्या" म्हणून सांगितल्या होत्या, त्या कुठेच नाहीत. पोस्टग्रेसची काही तक्रार नाही, लॉग स्वच्छ. ही शांतता बघून अंगावर काटा आला. काहीतरी मोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

दहा वेळा प्लग ओढला. सात वेळा ओळी गेल्या. नवव्या वेळी पोस्टग्रेस उठलंच नाही, चेकपॉइंटची नोंद सापडत नाही म्हणून बसलं.

मग नोबॅरियर काढून दहा वेळा. लॅपटॉपकडे असलेला प्रत्येक क्रमांक डेटाबेसात सापडला, दहाही वेळा. सेकंदाला ३८ ने, पण सगळे.

संध्याकाळी ऑफिसच्या खालच्या टपरीवर चहा घेताना एक जुनी गोष्ट आठवली. तिच्याबद्दल खाली, खात्री झाल्यावर.

१४ एप्रिल, सोमवार

शेठकडे गेलो. सगळं सांगितलं, वहीतल्या पानासकट. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं गाडी ब्रेक काढून पळवली म्हणा की." त्यांना पटलं. पण लगेच: "आता ब्रेक ठेवून पळवा. तीस तारखेला अक्षय्य तृतीया आहे."

ऑफिसातल्या त्या नव्या मुलीने सुचवलं होतं की पोस्टग्रेसचं सिंक्रोनस कमिट (डिस्कची खात्री होईपर्यंत थांबणं) बंद करावं. त्यात वीज गेली तर शेवटची जास्तीत जास्त ०.६ सेकंदाची कमिटं जातात, पण डेटाबेस मोडत नाही. नोबॅरियरपेक्षा हजार पटीने सभ्य पर्याय. कोण कधी लॉगिन झालं, कुठल्या प्रिंटरवर काय छापलं, असल्या टेबलांसाठी तो घेतला. पट्टीसाठी नाही. छापून शेतकऱ्याच्या हातात दिलेला कागद आणि डेटाबेस यांच्यात अर्ध्या सेकंदाचीही तफावत मला आता नको.

१६ एप्रिल, बुधवार

प्रोग्रॅम बदलला. साठ कमिटांऐवजी पूर्ण पट्टी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, एकाच कमिटने. एका पट्टीला एक फ्लश.

वाटलं होतं दोन ओळींचं काम. चाचणीत दोन काउंटरना एकच पट्टी क्रमांक मिळाला आणि एकाची पट्टी आपटली. कारण क्रमांक आम्ही "आतापर्यंतचा सर्वात मोठा, अधिक एक" असा काढतो. आधी पहिली ओळ लगेच कमिट व्हायची, त्यामुळे तो क्रमांक दुसऱ्याला लगेच दिसायचा. आता पट्टी पूर्ण होईपर्यंत दिसत नाही. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आपोआप पुढचा क्रमांक देणारा) लावला असता, पण ट्रान्झॅक्शन मागे घेतलं की सीक्वेन्समध्ये क्रमांक गळतो, आणि शेठच्या सीएंना गळलेले क्रमांक चालत नाहीत. म्हणून क्रमांकासाठी एका ओळीचं वेगळं टेबल केलं, ती ओळ कुलूप लावून वाचायची, अगदी शेवटी, कमिटच्या तोंडावर. म्हणजे कुलूप एका फ्लशपुरतंच राहतं.

१७ एप्रिल, गुरुवार

पहाटे पाचपासून गाळ्यावर. सहाही काउंटर नव्या प्रोग्रॅमवर. पट्टी एंटरसरशी. गर्दीच्या टोकाला मोजलं तर ०.२ सेकंद. त्याच जुन्या डिस्का, नवा कर्नल, फ्लश चालू.

नोबॅरियरच्या काळापेक्षाही जलद. हे २०१७ च्या ऑगस्टमध्येच करता आलं असतं.

२१ एप्रिल, सोमवार

तरी डिस्का बदलायच्याच. आठ वर्षांच्या आहेत, आणि रात्री खतावणी चढते तेव्हा हजारो लहान लिखाणं होतात. कपॅसिटर असलेल्या एसएसडी घ्यायच्या ठरल्या. वीज गेली तर कॅश उतरवण्याइतका साठा त्यांच्या पोटातच असतो, त्यामुळे फ्लशला त्या प्रामाणिकपणे आणि लगेच "झालं" म्हणू शकतात. साध्या एसएसडी अर्ध्या किमतीत मिळतात, त्यांत हा साठा नसतो. शेठनी किमतीला पेटीच्या भावाने भागलं: "दहा-बारा पेट्या. आणा."

लॅमिंग्टन रोडवरून ४८० जीबीच्या दोन आणल्या. जुन्या मिररमध्ये एकेक घुसवून अदलाबदल करता येत नाही, कारण मिररला लहान डिस्क चालत नाही, आणि एक्सएफएस वाढतो पण आकसत नाही. वेगळा मिरर बांधून रात्री डेटा उचलून नेला. १८० जीबी, दीड तास. पीजी-टेस्ट-एफसिंक: सेकंदाला ६,०००च्या पुढे, फ्लशसकट. प्लग ओढून पाहिलं, पाच वेळा. काही गेलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. शेठचा फोन नाही.

३ मे, शनिवार

१३ एप्रिलला जी गोष्ट आठवली ती ही. मे २०२२, संध्याकाळी वीज गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, तीही बसली. दुसऱ्या दिवशी सात पट्ट्या सापडेनात. दिवाणजी शपथेवर सांगत होते की सेव्ह केल्या, छापल्या. वर त्याच क्रमांकांच्या दुसऱ्याच पट्ट्या पुढे निघालेल्या, म्हणजे एका क्रमांकाच्या दोन. शेठनी मला बोलावलं. मी लॉग पाहिला. स्वच्छ होता. तक्रारीच्या नोंदीत मी लिहिलं: "ऑपरेटरची चूक. सेव्ह न करता प्रिंट." दिवाणजी साठीचे आहेत, हिशोबात त्यांचं आयुष्य गेलंय. शेठ त्यांना सगळ्यांसमोर बोलले होते.

आज गर्दी ओसरल्यावर त्यांच्याजवळ बसलो आणि काय झालं असणार ते सांगितलं. माफी मागितली. ते काहीच बोलले नाहीत. खालच्या कप्प्यातून लाल कापडी वही काढून पुढ्यात ठेवली. मे २०२२ पासून रोजची प्रत्येक पट्टी, क्रमांक, शेतकरी, रक्कम, हाताने लिहिलेली. तीन वर्षं.

वही आणि डेटाबेस ताडून पाहायला दुपार गेली. आणखी तीन ठिकाणी फरक निघाला: जुलै २०२३ मध्ये दोन पट्ट्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये एक. यूपीएसच्या नोंदीत दोन्ही दिवशी बॅटरी संपल्याचं दिसतं.

"हे तुम्ही तेव्हा सांगितलं का नाहीत, दिवाणजी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत तेच लिहिलं असतंत."

तिन्ही पट्ट्या त्यांच्या वहीवरून डेटाबेसात चढवल्या. मे २०२२ ची तक्रार पुन्हा उघडली, कारणाच्या रकान्यात "नोबॅरियर, २०१७, लावणारा: मी" असं लिहून शेठना छापून दिली. यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या मंगळवारी येतील.